दोन साप एकाच पेटीत ठेवताय? या चुका टाळा

पेटीच्या उबदार कोपऱ्यात दोन बॉल पायथन (घरी पाळली जाणारी अजगराची एक जात) एकमेकांच्या वेटोळ्यात वेटोळं घालून पडलेले दिसले की पाहणाऱ्याला गहिवरून येतं. ‘किती जीव लावलाय बघा एकमेकांना!’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय, आणि साप पाळायला लागलो तेव्हा स्वतःही म्हटलंय. आता तसं चित्र दिसलं की मी आधी पेटीत उबेच्या जागा किती आणि लपायच्या जागा किती, ते मोजतो. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर एकच असतं: एक. जागा एक आणि ती हवी असलेले जीव दोन. मग ते एकमेकांवर नाही पडणार तर कुठे जाणार?

साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवत नाही. अन्न पचवायला, आजाराशी लढायला, कात नीट टाकायला त्याला बाहेरची ऊब लागते, आणि ती हवी तेव्हा घेऊन नको तेव्हा सोडता यावी लागते. दोन साप एकमेकांवर पडले की हा ताबा जातो. वरून दिवा लावला असेल तर वरचा साप सगळी ऊब घेतो आणि खालच्यावर सावली धरतो. तळाशी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई असेल तर खालच्याचं फावतं. मिठी वाटते ती हीच. दुसऱ्या सापाच्या अंगाची ऊब त्याला मिळत नाही, कारण दुसराही तितकाच थंड असतो.

‘भांडत तर नाहीत ना’ एवढ्यावर समाधान मानणं

ही चूक मी केली, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. माझ्याकडे कॉर्न स्नेक या बिनविषारी, पाळीव जातीच्या, एकाच वेताच्या दोन माद्या होत्या. पेटी मोठी, पाण्याची भांडी दोन, भांडण कधीच नाही. वर्षभरात एक छान भरली. दुसरी बारीकच राहिली, तीन खाण्यांतलं एक नाकारायची. ‘हिची चणच लहान आहे’ असं मी ठरवून टाकलं होतं. घर बदलताना सोय म्हणून दोघींना वेगवेगळ्या डब्यांत ठेवलं, आणि दहाव्या दिवशी त्या बारकीने उंदीर असा झडप घालून धरला की मी थक्क झालो. त्यानंतर तिने एकही खाणं सोडलं नाही. ती मंद नव्हती, लहान चणीची नव्हती. वर्षभर ती दबून राहिली होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

कुत्री गुरगुरतात, मांजरी फिस्कारतात. साप दुसऱ्या सापाला दाबतो तेव्हा आवाज होत नाही. तो फक्त चांगली जागा घेतो, आणि दुसरा तिथून निघून जातो किंवा त्याच्याखाली दबून राहतो. त्यामुळे भांडण दिसण्याची वाट पाहत बसू नका. एक साप कायम थंड बाजूलाच असतो का, रात्रभर काचेच्या कडेने फेऱ्या मारतो का, काच घासून त्याच्या नाकाचे खवले सोलवटलेत का, कात तुकड्यातुकड्यांनी निघते का, खाल्लेलं उलटून पडतं का, ते पाहा. सगळ्यात खरं सांगतो तो वजनकाटा. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा पुरतो. दोघांचं वजन दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवलं असतं, तर मला वर्ष लागलं नसतं.

‘लहानपणापासून एकत्र आहेत’ हाही भरवसा धरू नका. कॉर्न स्नेकची मादी अंडी घालून निघून जाते. पायथनची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, पण पिल्लं बाहेर आली की तिचंही काम संपतं. पिल्लं आपापल्या वाटेने पांगतात. भावंडांबरोबर वाढणं हा त्यांच्या आयुष्याचा भागच नाही.

खाण्याच्या दिवसाचा धोका

बाकी सगळे त्रास हळूहळू होतात. हा एका मिनिटात होतो.

उंदराचा वास आला की साप ‘हे काय आहे’ असा विचार करत बसत नाही. वास, ऊब आणि हालचाल जुळली की तो तोंड मारतो. दोन साप आणि एकच उंदीर असला, तर एक डोक्याकडून धरतो, दुसरा शेपटीकडून. दोघेही गिळत गिळत मध्यापर्यंत येतात आणि तोंडाला तोंड भिडतं. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, धरलेलं सहज सुटू नये म्हणूनच. एका तोंडात दुसऱ्याचं डोकं गेलं की गिळणं पुढेच सरकत राहतं. ज्या जाती एरवी सापांना हातही लावत नाहीत, त्यांच्यातही असं होतं, आणि पुष्कळदा दोन्ही साप जातात: गिळलेला गुदमरून आणि गिळणारा न झेपणारं गिळून.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे एकाला खाण्यापुरतं वेगळ्या डब्यात न्यायचं आणि नंतर परत आणायचं. मला हा उपाय पटत नाही. खाऊन आलेल्या सापाच्या तोंडाला, मानेला उंदराचा वास तसाच असतो, आणि पेटीतल्या दुसऱ्याचा खाण्याचा आवेग अजून उतरलेला नसतो. म्हणजे दोघांना आपणच समोरासमोर आणून ठेवायचं. शिवाय पोट भरलेल्या सापाला किमान ४८ तास हात लावायचा नसतो. लगेच उचललं तर तो ओकतो, आणि ओकल्यावर त्याला सावरायला आठवडे जातात.

तरी कधी प्रसंग आलाच, तर ओढू नका. ओढल्याने दात मोडतात, जबडा फाटतो. दोघांच्या तोंडात एकच उंदीर असेल आणि तोंडं अजून भिडली नसतील, तर उंदीर मधोमध कात्रीने कापा. ऐकायला वाईट वाटतं, पण याहून सोपा मार्ग नाही. एकाने दुसऱ्याला धरलंच असेल, तर धरणाऱ्याच्या तोंडावर थंड पाण्याची बारीक धार सोडा आणि त्याला स्वतःहून सोडू द्या. सुटल्यावर दोघांच्या तोंडाच्या जखमा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोंडातली जखम वरून छोटी दिसते आणि आत चिघळते.

दोन जातींना शेजारी करणं

किंगस्नेकबद्दल तर चर्चेलाही जागा नाही. साप खाणं हा त्याचा स्वभाव आहे. रानात तो विषारी रॅटलस्नेकसुद्धा खातो, त्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याला दुसरा साप दिला, अगदी त्याच जातीचा दिला, तरी त्याच्या लेखी ते खाणं असू शकतं.

बाकी जातींचं गणित तापमानावरच फसतं. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. कॉर्न स्नेकला उबदार बाजू ३० अंशांच्या आसपास पुरते, थंड बाजू बावीस-चोवीसवर आलेली हवी असते, आणि इतका ओलावा त्याला चालत नाही. मधला आकडा काढला तर एकाला सर्दी आणि दुसऱ्याला अडकलेली कात. बोआ (अजगरासारखाच आवळून शिकार मारणारा साप) आणि पायथन एकत्र ठेवणं त्याहून वाईट. इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार अंगात असूनही बोआ बराच काळ ठणठणीत दिसू शकतो. तोच पायथनला झाला तर मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर झपाट्याने जातो: मान वाकडी होते, उताणा पडल्यावर साप स्वतःला सरळ करू शकत नाही. त्यावर उपचार नाही.

‘दोघी माद्याच आहेत’

तुम्हाला असं कोणी सांगितलं? लहान पिल्लाचा नर-मादी फरक ओळखताना जाणकारांचीही चूक होते. आणि ती चूक कळते ती थेट अंडी दिसल्यावर. कॉर्न स्नेकच्या मादीसाठी पाळणाऱ्यांमध्ये एक सोपा हिशेब चालतो: किमान ३ वर्षं वय, ३ फूट लांबी, ३०० ग्रॅम वजन, तोवर जोडी लावायची नाही. एकाच पेटीतल्या नराला हा हिशेब माहीत नसतो. अपुऱ्या वाढीच्या मादीत अंडं अडकलं तर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते, कधी ती जातेही. दोन नर असतील तर बऱ्याच जातींत विणीच्या काळात झोंबाझोंबी होते, आणि हरलेल्याला पळून जायला पेटीत जागा नसते.

आजार कोणाचा, तेच कळत नाही

सकाळी पेटीत ओकलेला उंदीर पडलाय. कोणाचा? विष्ठा पातळ आहे. कोणाची? एका सापाच्या पेटीत हे प्रश्नच पडत नाहीत. दोघांच्या पेटीत तुम्ही आठवडाभर अंदाज करत राहता आणि तोवर जे काही आहे ते दोघांत पसरलेलं असतं. क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी त्यातला सगळ्यात त्रासदायक. सापाच्या जठराची भिंत जाड होते, अंगाच्या मध्यावर फुगवटा येतो, खाल्लेलं वारंवार बाहेर पडतं. खात्रीचं औषध नाही, आणि घरातल्या साध्या ब्लीचने तो मरत नाही. माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावर राहून रक्त पिणारे बारीक किडे, त्यांचंही तेच. डोळ्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके दिसले, साप तासन्‌तास पाण्यात बसून राहिला, की समजावं. दोन साप असतील तर ते एकावरून दुसऱ्यावर जायला रात्र पुरते.

म्हणूनच नवा साप आणल्यावर थेट जुन्याच्या पेटीत सोडणं ही मला सगळ्यात अक्षम्य चूक वाटते. नव्याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळा चिमटा. रोजचं काम आधी जुन्याचं, मग नव्याचं, आणि मध्ये हात साबणाने धुवायचे.

एकाच पेटीत मधे आडवी फळी घालून ‘वेगळं’ केल्याचं समाधानही मानू नका. वास, ओलावा, माइट्स सगळं फटीतून जातं. लहान कॉर्न स्नेक तर स्वतःच जातो.

मग गार्टर स्नेकचं काय?

गार्टर स्नेक हे छोटे साप बरेच जण एकत्र ठेवतात, म्हणून हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘साप एकलकोंडेच असतात’ एवढ्यावर उरकणं मला प्रामाणिक वाटत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाची जागा आहे. तिथल्या चुनखडीच्या भेगांमध्ये हजारो गार्टर स्नेक एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात ढिगाने बाहेर येतात. अर्थात तिथेही जमण्याचं मुख्य कारण जागाच: गोठणार नाही इतक्या खोल भेगा मोजक्याच. उन्हाळ्यात ते कित्येक किलोमीटर दूर पांगतात. पण गोष्ट तिथेच संपत नाही. मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान गार्टर स्नेकना दिवसातून दोनदा उचलून इकडचे तिकडे ठेवलं, तरी ते पुन्हा ठरावीक सोबत्यांजवळच जमले. म्हणजे सोबतीची निवड करणारे साप आहेत.

त्यामुळे गार्टर स्नेक एकत्र ठेवणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही. पण ते एका आकाराचे असावेत, सगळे तपासलेले असावेत, पेटीत सापांपेक्षा लपायच्या जागा जास्त असाव्यात, आणि खाणं प्रत्येकाला चिमट्याने, समोर उभं राहून द्यावं. मासा किंवा गांडूळ दोघांनी दोन टोकांनी धरण्याचा धोका इथेही आहेच. या उदाहरणावरून बॉल पायथनची जोडी ठेवता येते असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.

आधीच एकत्र असतील तर

आजच वेगळे करा. मोठी पेटी येईपर्यंत थांबू नका. झाकण घट्ट बसणारा, हवेला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) लावलेली ऊब, पाणी आणि दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा एवढं काही आठवडे पुरतं. नव्या जागी धडधाकट सापाला हलवा. दबलेल्याला ओळखीची पेटी राहू द्या, फक्त तळाचा थर पूर्ण बदला आणि आतलं सगळं धुऊन काढा, दुसऱ्याचा वास राहता कामा नये.

पहिला आठवडा दोघांनाही हात लावू नका, खाणंही देऊ नका. मग वजन करा आणि नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. नाकारला तर आठवडाभर थांबून पुन्हा. प्रत्येकाची पहिली विष्ठा डॉक्टरांकडे तपासायला द्या, आता ती कोणाची हे नक्की माहीत असेल.

आणि दोघांपैकी एक मादी असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर पुढचे काही महिने तिच्या पेटीत ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला एक बंद डबा, वर एक भोक पाडून, ठेवून द्या. मादी नराचं वीर्य बराच काळ शरीरात साठवू शकते. पोटाचा मागचा भाग भरल्यासारखा दिसू लागला आणि तिने खाणं बंद करून त्या डब्यात मुक्काम ठोकला, तर तिला न उकरता तिथेच राहू द्या आणि डॉक्टरांना फोन करून ठेवा.