केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन: आधी ब्रिज, मग मशीन

केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनची सोय) वापरून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारं दुसरं मशीन, उभं करायला फार वेळ लागत नाही; वेळ खातं ते नेटवर्क. खालची कृती उबुंटू सर्व्हर २४.०४ साठी आहे.

आधी /डेव्ह/केव्हीएम ही फाइल दिसतेय का ते बघा. नसेल तर बायॉसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम ही व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करा. मग ॲप्टने क्यूईएमयू-सिस्टम-एक्स८६, लिबव्हर्ट-डीमन-सिस्टम आणि व्हर्टइन्स्ट ही पॅकेजं टाका.

लिबव्हर्टसोबत (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी सेवा) ‘डीफॉल्ट’ नावाचं नॅट नेटवर्क (मशीन सर्व्हरच्या पत्त्याआडून बाहेर बोलतं) येतं: १९२.१६८.१२२.०/२४. त्यातलं मशीन बाहेर जाऊ शकतं, पण ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवरून त्याला गाठता येत नाही. नुसत्या चाचणीसाठी तेवढं पुरे, उगाच ब्रिजच्या (मशीनला थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) वाटेला जाऊ नका. मशीनवर वेबसाइट किंवा डेटाबेस चालवून इतरांना द्यायचा असेल, तरच ब्रिज हवा.

ब्रिज करताना एकच गोष्ट चुकते: सर्व्हरचा आयपी नेटवर्क कार्डावरच राहतो. नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क मांडणी) फाइलमध्ये कार्डाखालचा पत्ता, गेटवे, डीएनएस काढून ते सगळं बीआर० या ब्रिजखाली न्या, आणि बीआर०च्या इंटरफेसेसमध्ये कार्डाचं नाव लिहा. नेटप्लॅन सगळ्या फाइली एकत्र वाचतो, त्यामुळे जुन्या क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला सर्व्हरची मांडणी करणारं साधन) फाइलमध्ये पत्ता उरला तर तो कार्डावर परत येतो. पत्ता डीएचसीपीने (राउटरकडून आपोआप) मिळत असेल तर बीआर०ला कार्डाचाच मॅक (हार्डवेअर पत्ता) द्या. नाहीतर राउटरला तो नवा पाहुणा वाटेल आणि आयपी बदलू शकेल.

बदल लावायला ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा: १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुनी मांडणी परत आणतो. मात्र ब्रिजला एसटीपी, फॉरवर्ड-डिले असे पॅरामीटर दिले असतील तर ही सोय मिळत नाही. म्हणून एसएसएचवर (नेटवर्कवरून दुरून लॉगिन) विसंबू नका. आयपीएमआय (सर्व्हरचा वेगळा रिमोट कन्सोल) किंवा मॉनिटर-कीबोर्ड हाताशी ठेवा. वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका: ॲक्सेस पॉइंट अनोळखी मॅकच्या फ्रेम सहसा घेतच नाही.

आता मशीन बनवणारी व्हर्ट-इन्स्टॉल ही कमांड: मेमरी २०४८ (एमबी), व्हीसीपीयू २, डिस्क २० जीबी, नेटवर्क ब्रिज=बीआर०, मॉडेल व्हर्टआयओ. आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेसमध्येच ठेवा. होम फोल्डरमधली फाइल क्यूईएमयूच्या (मशीन चालवणारा प्रोग्रॅम) युजरला उघडता येत नाही आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. सर्व्हर रीबूट झाल्यावर मशीन आपोआप उठावं म्हणून ‘व्हर्श ऑटोस्टार्ट’ ही कमांड द्या.

मशीन चालू आहे, ब्रिज ठीक आहे, तरी आयपी मिळत नाही? त्याच सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का बघा. डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेनची, म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीची, पॉलिसी ‘ड्रॉप’वर (परवानगी नसलेलं पॅकेट टाकून द्या) ठेवू शकतो, आणि बीआर_नेटफिल्टर मॉड्यूल चढलेलं असेल तर ब्रिजवरची पॅकेटंही त्याच चेनमधून जातात. बीआर०वर आणि कार्डावर टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारं साधन) लावा: मशीनची डीएचसीपीची विनंती बीआर०वर दिसतेय पण कार्डावरून बाहेर जात नाहीये, तर रोग बहुधा हाच. डॉकर-युजर चेनमध्ये (डॉकरने तुमच्या नियमांसाठी ठेवलेली यादी) बीआर०वरून येऊन बीआर०वरच जाणाऱ्या पॅकेटांना ॲक्सेप्ट करणारा नियम घाला.