लग्नाचा केक हॉलवर किती वाजता पोहोचवावा

पत्रिकेवर ‘स्वागत समारंभ सायंकाळी ७ वाजता’ असं छापलेलं असतं आणि नव्याने केक करायला लागलेल्या मुली त्याच वेळेवरून हिशेब मांडतात. त्यात कुणीतरी सांगितलेलं असतं, चार तास आधी नेऊन ठेव, म्हणजे जिवाला घोर नाही. लग्नाच्या केकबद्दल याहून वाईट सल्ला मी ऐकलेला नाही. गेली बारा वर्षं ठाण्यातून केक करून मी घोडबंदरपासून खारघरपर्यंत पोहोचवते आहे. या काळात बिघडलेले जे केक पाहिले, त्यातले बहुतेक वेळेआधी येऊन उकाड्यात उभे राहिलेले होते.

केक भाजणं, थरांना आधाराच्या काड्या लावणं, बोर्ड, खोकी हे सगळं तुम्हाला येतंय असं धरते. इथे फक्त वेळेबद्दल.

आधी केक कधी कापणार ते शोधा

सातचं रिसेप्शन म्हणजे सातला केक नव्हे. सकाळी मुहूर्त, मग पंगती, मग नवरी दोन तास पार्लरवालीच्या हाती. जोडपं पावणेआठला स्टेजवर येतं, आधी घरच्यांचे फोटो होतात, केक साडेआठ-नऊला कापला जातो. ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये लग्न लागलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक, कुटुंबांकडे मात्र केक सुरुवातीलाच. जोडप्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं की केक, मग ग्लास उंचावून शुभेच्छांचा टोस्ट. तिथे दारात वाजंत्री येण्याआधी तुमचं काम संपलेलं हवं.

ही वेळ नवरीच्या आईला विचारू नका, त्या माउलीला तेव्हा कशाचंच भान नसतं. फोटोग्राफरला विचारा. संध्याकाळचा क्रम त्याच्याकडे असतोच.

मग एसी

सगळी गोम इथे आहे, आणि हे कळायला मला एक केक घालवावा लागला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, घोडबंदर रोडवरचा एक हॉल. नवरीच्या मावशीचा सकाळपासून तिसरा फोन, “ताई, लवकर आण गं केक, आम्हाला टेन्शन नको.” मी चारला पोहोचले, तीन थर रचले, टेबल सजवलं आणि समाधानाने घरी आले. एसी सुरू झाला पावणेसातला. तोवर मागचं दार सताड उघडं, डेकोरेटरची माणसं फुलांच्या टोपल्या आणत होती आणि केकच्या डोक्यावर स्टेजचे दिवे तपासले जात होते. साडेसहाला मॅनेजरचा फोन आला. मी परत गेले तेव्हा मधला थर डावीकडे बोटभर खचला होता. कडेच्या क्रीमवर घामासारखे बारीक थेंब होते आणि खालच्या थरावर दोन गुलाब घसरून आडवे पडले होते. वरचे दोन थर उतरवून, खालचा जमेल तसा सावरून मी तो कापण्याजोगा केला. नवरीने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून हॉलच्या मॅनेजरला मी स्वतः फोन करते. सकाळच्या पार्टीने हॉल कधी सोडायचा आहे? डेकोरेटर शिडीवरून कधी उतरणार? केकचं टेबल कुठे, आणि त्यावर कुठला दिवा येतो? एसी नक्की किती वाजता? शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, “पाचला लावतो ना मॅडम.” त्यावर विसंबू नका. वीजबिलामुळे बहुतेक हॉल पाहुणे येण्याच्या थोडं आधी एसी लावतात. नवरीकडच्या एका जबाबदार माणसाला, शक्यतो भावाला, मॅनेजरकडून ती वेळ ठरवून घ्यायला सांगा. त्या दिवशी निघण्याआधी तिथल्या वायरमनला फोन करून एसी चालू झाल्याची खात्री करा. मोठा हॉल थंड व्हायला पाऊण तास तरी लागतो. माझा नियम असा की एसी लागून पाऊण तास झाल्याशिवाय खोकं उघडायचं नाही.

लॉनवर एसीच नसतो. तिथे वधूपक्षाला दिलेल्या एसी खोलीत केक रचायचा आणि कापायच्या दहा मिनिटं आधी ट्रॉलीवरून बाहेर आणायचा. त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आता उलटा हिशेब. केक नऊला कापणार, एसी साडेपाचला लागणार. म्हणजे सव्वासहाला खोकं उघडायचं आणि सातच्या आत थर रचून मोकळं व्हायचं, कारण सातनंतर माणसं येऊ लागतात आणि गर्दीतून केक नेणं म्हणजे धोकाच. कापेपर्यंत केक दोन तास उभा राहणार. आतून-बाहेरून गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून केलेलं मिश्रण, असलेला केक थंड हॉलमध्ये तेवढा वेळ सहज उभा राहतो. उन्हाळ्यात मात्र गनाश घट्ट हवं, डार्क चॉकलेट असेल तर एक भाग क्रीमला किमान दोन भाग चॉकलेट, व्हाइट असेल तर तीन. फॉन्डंटचा, म्हणजे वरून लाटलेल्या साखरेचं आवरण असलेला, केक फ्रीजमधून काढून लगेच उघडलात तर आपल्या दमट हवेत त्यावर पाणी धरतं. खोकं बंद ठेवून त्याला हवेशी जुळू द्या, आणि तरीही थेंब आलेच तर पुसू नका, डाग राहतो. ताजी क्रीम आणि फळं भरलेला केक प्रवास धरून दोन तासांपेक्षा जास्त फ्रीजबाहेर ठेवायचाच नाही. म्हणून मार्च ते जून मी क्रीमचा तीन थरांचा केक घेत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. तुम्हीही घेऊ नका.

रस्ता

सव्वासहाला खोकं उघडायचं तर सहाला हॉलवर हवं. नकाशा दुपारी जी मिनिटं दाखवतो ती संध्याकाळी खरी नसतात. घोडबंदरकडे जाताना माजिवडा आणि कापूरबावडी हे चौक पाचच्या आत ओलांडा. पुढे लवकर पोहोचलात तर हॉलखाली सावलीत, एसी चालू ठेवून गाडीत थांबा. थंड गाडीतला अर्धा तास तापलेल्या हॉलमधल्या अर्ध्या तासापेक्षा केव्हाही बरा. नवी मुंबईला जाताना मी कळव्याहून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जात नाही, मुलुंडवरून ऐरोली पुलाने जाते. अंतर वाढलं तरी धक्के कमी बसतात. वाशीपुढे पाम बीच रोडवर केक पोटातलं पाणी न हलता जातो.

गाडी निघण्याआधी वीस मिनिटं थंड करा. केक डिकीच्या सपाट तळावर, खाली न सरकणारी चटई. सीटवर कधीच नाही, तिला उतार असतो. तिन्ही थर वेगळे न्या.

हॉलवर आधी एकाला लिफ्टपाशी उभं करा. सहाच्या सुमारास केटररची पातेली तिनेच वर जात असतात.

थर रचून झाले की मी टेबलाचा फोटो काढून फोटोग्राफरला आणि नवरीच्या भावाला पाठवते. सुरी टेबलावर ठेवते आणि टेबल कुणी हलवायचं नाही, असं मॅनेजरला तोंडावर सांगते. मग पहिले पाहुणे येईपर्यंत तिथेच एका कडेला उभी राहते.