एअर पिस्तूल मोरिनी कंपनीचं घ्यायचं की स्टायरचं?
ठाणे-नवी मुंबईकडे १० मीटर एअर पिस्तूल सुरू केलेल्या मुलांचे आईबाबा हेच विचारतात, तर आधी दोन्ही मुलाच्या हातात देऊन बघा, ग्रिप वेगवेगळ्या साइझमध्ये येते आणि पकड बसली नाही तर कितीही महागडं घ्या, स्कोर येणार नाही. मोरिनी १६२ ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक, ड्राय फायरला (छर्रा न घालता सराव) मस्त पण बॅटरी सांभाळा, स्टायर एलपी १० मेकॅनिकल, ती कटकटच नाही, मला पहिल्या पिस्तुलाला तेच बरं वाटतं. ट्रिगर ओढायला मॅचमध्ये किमान ५०० ग्रॅम वजन लागतंच, त्यावर वाद नको. आणि हो, सेकंडहँड घेताना पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची बनवल्याची तारीख बघाच, १० वर्षं उलटली की मॅचला चालत नाही!