गोल्फ स्पर्धेच्या यादीत नाव कसे लागते

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ असे सांगितले की रिक्षावाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापाशी आणून सोडतो. तेथे पहाटे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, रणजी करंडकाचे सामने झालेले आहेत, पण गोल्फ कोठेही दिसत नाही. जुने नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले आहे. या मैदानावर क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला गोल्फची बातमी वाचताना हटकून एक प्रश्न पडतो. क्रिकेटमध्ये निवड समिती बसते आणि संघ जाहीर करते. गोल्फमध्ये संघच नसतो, मग स्पर्धेत कोणी खेळायचे हे ठरवतो कोण? बहुतेक वेळा ते कोणीच ठरवत नाही. पात्रतेची कलमे आधीच लिहून ठेवलेली असतात आणि प्रत्येक खेळाडू त्यांपैकी एखाद्या कलमात बसून आत येतो. एखादा खेळाडू यादीत आला कसा हे शोधायचे असो किंवा घरातल्या मुलाला अथवा मुलीला या वाटेला लावायचे असो, ही कलमे वाचता येणे पहिल्यांदा आवश्यक आहे.

सुरुवात संख्येपासून करावी. स्पर्धेत उतरणाऱ्या सर्व खेळाडूंच्या यादीला ‘फील्ड’ म्हणतात, आणि ती किती मोठी असावी हे मुख्यतः सूर्य ठरवतो. १५६ खेळाडू तीन-तीनच्या गटाने निघाले तर ५२ गट होतात. ब्रिटनमधील ‘द ओपन’ स्पर्धेत हे सगळे गट पहिल्याच टीवरून, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीच्या जागेवरून सुटतात; दोन गटांत ११ मिनिटांचे अंतर धरले तरी पहिला आणि शेवटचा गट यांच्यात साडेनऊ तासांच्या आसपास वेळ जातो. तिकडे जुलैत रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असल्यामुळे हे जमते. इतरत्र पहिल्या आणि दहाव्या अशा दोन टींवरून, सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत खेळाडू सोडले जातात, आणि दिवस लहान असेल तेथे यादीच आखूड करावी लागते. जागा अशा मोजक्या असल्यामुळेच कलमांची उतरंड लागते.

उतरंडीच्या माथ्यावर ज्यांना पात्रता फेरी खेळावी लागत नाही असे खेळाडू असतात. यूएस ओपन जिंकणाऱ्याला त्याच स्पर्धेत १० वर्षे आणि उरलेल्या तीन ‘मेजर’, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांत ५ वर्षे थेट प्रवेश मिळतो. पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेवरील साधी स्पर्धा जिंकली तरी त्या टूरवर किमान दोन वर्षांची निश्चिंती होते. मास्टर्स स्पर्धेला तर पात्रता फेरीच नाही. तेथे निमंत्रणावरच खेळता येते, जुन्या विजेत्यांना आयुष्यभर निमंत्रण असते, आणि आदल्या वर्षाच्या अखेरीस जागतिक क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये असलेल्यांना ते मिळते. जो खेळाडू दोन-तीन कलमांत बसतो तो वरच्या कलमात धरला जातो आणि खालच्या कलमाचा लाभ कित्येकदा पुढच्याला जातो, हे यादी वाचताना विसरू नये. क्रमवारीत ६० वा असलेला खेळाडू आत आणि ५५ वा बाहेर, असे दिसले की लोक अन्याय झाला म्हणतात. प्रत्यक्षात ६० वा बहुधा दुसऱ्याच दाराने आलेला असतो.

जागतिक क्रमवारीचा हिशेब मात्र सावकाश समजून घ्यावा, कारण येथेच अनेकांची गल्लत होते. १९८६ पासून चालत आलेल्या या क्रमवारीत मागील दोन वर्षांचे गुण धरले जातात. मिळालेले गुण पहिले १३ आठवडे पूर्ण किमतीचे राहतात आणि नंतर दर आठवड्याला थोडे थोडे झिजतात. उरलेल्या गुणांना खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागतात, पण भाजक ४० पेक्षा कमी धरत नाहीत. समजा, एखाद्याने दोन वर्षांत ३० स्पर्धा खेळून ६० गुण कमावले. त्याची सरासरी २ येईल असे वाटते. प्रत्यक्षात भागाकार ४० ने होतो आणि हाती १.५ येतात. म्हणजे दुखापतीने घरी बसलेल्या खेळाडूला दुहेरी फटका बसतो: जुने गुण झिजत जातात आणि न खेळलेल्या स्पर्धाही भाजकात मोजल्या जातात.

नाशिकच्या खेळाडूला यातले काहीच लागू नसते, कारण त्याच्याकडे ना जुना विजय असतो ना क्रमवारी. त्याची वाट क्वालिफाइंग स्कूलमधून जाते, ज्याला सगळे ‘क्यू-स्कूल’ म्हणतात. नावात शाळा असली तरी तेथे शिकवत कोणी नाही. ती परीक्षाच आहे, तीही वर्षातून एकदाच येणारी. भारतात २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया’, म्हणजे पीजीटीआयच्या क्यू-स्कूलमध्ये पूर्वपात्रता टप्पा आणि त्यानंतर अंतिम टप्पा असतो, आणि अंतिम टप्प्यातील वरच्या क्रमांकांना त्या हंगामाचे ‘कार्ड’ मिळते. कार्ड म्हणजे त्या टूरच्या स्पर्धांत खेळण्याचा हक्क. वर्षभर कमावलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून टूरची गुणवत्ता यादी लागते. तिच्यात वर राहिल्यास कार्ड टिकते, घसरल्यास पुन्हा परीक्षा. नाशिकहून सुमारे २१० किलोमीटरवर, पुण्यात येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर पीजीटीआयच्या स्पर्धा झालेल्या आहेत. माझे मत विचाराल तर प्रवेश अर्ज भरण्याआधी अशी एखादी स्पर्धा दोन दिवस दोरीबाहेरून चालत पाहावी. आपल्या क्लबात ७२ फटक्यांत फेरी पुरी करून बक्षीस घेणाऱ्या मुलाला तेथे तेवढ्याच धावसंख्येवर दुसऱ्या दिवशी बाद होऊन सामान आवरणारे व्यावसायिक दिसतात, आणि हे वेळेवर दिसलेले बरे. ‘धावसंख्या’ हा शब्द क्रिकेटचा, हे मान्य. पण ‘स्कोअर’ला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

ज्यांच्याकडे पुरेसे चांगले कार्ड नसते त्यांच्यासाठी अमेरिकेत सोमवारची पात्रता फेरी असते. स्पर्धा गुरुवारी सुरू होते. त्याआधीच्या सोमवारी जवळच्या एखाद्या कोर्सवर पुष्कळ खेळाडू १८ होल, म्हणजे एक पूर्ण फेरी, खेळतात आणि वर्षानुवर्षे जागा बहुधा चारच राहिल्या आहेत. अलीकडे पीजीए टूरने याद्या लहान केल्यापासून त्याही आक्रसल्या आहेत. कोलकात्यात गोल्फ शिकलेल्या अर्जुन अटवालची गोष्ट भारतीय वाचकाने ठाऊकच करून घ्यावी. जुलै २०१० मध्ये त्याचे पीजीए टूरचे कार्ड गेले होते. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोच्या विंडम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारची फेरी खेळला आणि आत आला. गुरुवारी त्याने ६१ ची फेरी केली. रविवारी अठराव्या होलवर पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या, राखण्यासाठी सुमारे सात फुटांचा ‘पट’ (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा फटका) उरला होता; तो आत गेला आणि अटवाल एका फटक्याने जिंकला. सोमवारच्या फेरीतून येऊन स्पर्धा जिंकण्याचा प्रकार त्यापूर्वी १९८६ मध्ये, म्हणजे २४ वर्षांपूर्वी घडला होता, आणि पीजीए टूरवर जिंकणारा अटवाल हा पहिला भारतीय ठरला. २०१९ मध्ये कॅनडाच्या कोरी कॉनर्सने असेच केले: सोमवारी एका जागेसाठी बरोबरीतल्या सहा जणांत प्ले-ऑफ, म्हणजे जादा होलांवरचा निर्णायक खेळ झाला, त्यातून तो टेक्सास ओपनमध्ये आला, ती स्पर्धा जिंकला आणि पुढच्या आठवड्याच्या मास्टर्सचे दार त्याच्यासाठी उघडले.

पात्रतेच्या नियमांत ‘बरोबरीच्यांसह’ हा शब्द आहे की नाही, ते मुद्दाम पाहावे. तो असेल तर शेवटच्या क्रमांकावर बरोबरीत असलेले सगळे आत येतात. नसेल तर प्ले-ऑफ होतो, आणि एका होलवर वर्षाचा निकाल लागतो. आपली फेरी दुपारीच संपली आणि आकडा सीमारेषेवर असला, तर शेवटचा गट परतेपर्यंत कोर्स सोडू नये.

यूएस ओपनची रीत निराळी आणि सर्वांत मोकळी आहे. कोणताही व्यावसायिक, किंवा ०.४ पेक्षा अधिक नसलेला हँडिकॅप इंडेक्स (कौशल्य मोजणारा आकडा; तो जितका कमी तितका खेळाडू चांगला) असणारा हौशी खेळाडू अर्ज करू शकतो; १०,००० हून अधिक अर्ज येतात. आधी १८ होलांची स्थानिक फेरी, मग एकाच दिवसात ३६ होलांची अंतिम फेरी. या दोन्ही पायऱ्या चढून विजेतेपदापर्यंत पोचलेले दोघे आहेत: १९६४ मध्ये केन व्हेंच्युरी आणि १९६९ मध्ये ऑर्व्हिल मूडी. मूडी १४ वर्षे अमेरिकी सैन्यात होता, हे देवळाली कॅम्पच्या वाचकांना आवडावे. अर्जाची मुदत मात्र तेथील घड्याळाने मोजावी. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला बुधवारी सायंकाळचे पाच वाजतात, तेव्हा नाशिकमध्ये गुरुवारचे पहाटेचे अडीच झालेले असतात. त्यामुळे ‘अजून एक दिवस आहे’ आणि ‘मुदत संपली’ हे दोन्ही गैरसमज सारख्याच सहजतेने होतात.

राखीव यादी पंचवटी एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टसारखी असते: पुढच्याने तिकीट रद्द केले की आपण एक पायरी वर सरकतो, आणि स्टेशनवर हजर असलेल्यालाच त्याचा उपयोग. १९९१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये जॉन डेली राखीव यादीत नववा होता. पत्नीच्या बाळंतपणामुळे निक प्राइसने माघार घेतली, डेली रात्रभर गाडी चालवून इंडियानाला पोचला, सरावाची एकही फेरी न करता खेळला आणि जिंकला. आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या उदयन माने याचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ६० जागा होत्या. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यावर मानेला जागा मिळाली. तेथे एका देशाला साधारणपणे दोनच जागा, पहिल्या पंधरांत असतील तर चारपर्यंत, अशी मर्यादा असल्याने क्रमवारीत बराच मागे असलेला खेळाडूही रांगेत पुढे येतो. नाव राखीव यादीत असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि बॅग तयार ठेवावी, आणि स्वतःला जायचे नसेल तर तसे लगेच कळवावे, कारण मागे कोणीतरी थांबलेले असते.

निवड समितीची आठवण यावी असे एकच कलम उरते, ते आयोजकांच्या निमंत्रणाचे. पुरस्कर्त्याला किंवा आयोजकांना काही जागा स्वतःच्या मर्जीने देता येतात. २०१८ मध्ये शुभंकर शर्माला मास्टर्सने खास निमंत्रण दिले होते. त्यासाठी पत्र लिहिता येते आणि लिहावेही. पत्रात गेल्या वर्षभराचे निकाल तारखांसह द्यावेत, शिफारशींची नावे कमीत कमी असावीत.

आता प्रत्यक्ष यादी हातात घ्या. इंडियन ओपनची घेतलीत तर आधी ती कोणकोणत्या टूरची संयुक्त स्पर्धा आहे ते पाहा, मग प्रत्येक टूरच्या वाट्याला किती जागा आहेत ते पाहा, आणि ओळखीच्या एका नावावर बोट ठेवून तो खेळाडू कोणत्या कलमाने आला ते शोधा. चार-पाच नावे अशी सोडवली की स्वतःचे किंवा मुलाचे नाव कोणत्या कलमाखाली बसू शकते ते दिसू लागते. त्या कलमापुढे अर्जाची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी, कारण त्या तारखा दर हंगामात बदलतात.