‘ॲडजस्ट’साठी मराठी शब्द कसा निवडावा

बेळगाव-खानापूर बसमध्ये ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ असे कन्नडमध्ये कोणी म्हटले की मराठी माणूसही निमूट सरकतो. मात्र लिहिताना सरसकट ‘ॲडजस्ट करणे’ न वापरता नेमके काय बदलते आहे ते आधी पाहावे. जागा हवी असल्यास ‘जरा सरकून बसा’, नव्या नोकरीत किंवा सासरी ‘जुळवून घेणे’, भांडणात दोघांनीही थोडे सोडले तर ‘तडजोड’ आणि एकट्यानेच सोसले तर ‘निभावून नेणे’ असे लिहावे. या शेवटच्या दोहोंची गल्लत फार होते. ‘समायोजन’ शासकीय कागदापुरते ठेवावे, कारण समायोजन शिक्षकांचे होते, पाहुण्यांचे नव्हे. आगाऊ दिलेली रक्कम बिलातून ‘वळती करतात’, तर शिलाई यंत्राचा टाका ‘लहान-मोठा करतात’.