मागच्या एसीचा ब्लोअर बंद: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

नवतपा लागला की नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो आणि तीन रांगांच्या गाडीत पुढच्या एसीचा गारवा शेवटच्या सीटपर्यंत पोचत नाही. मागचा ब्लोअर त्याच दिवसांत बंद पडला तर शेगावपर्यंत जाताना मागे बसलेली मुलं आणि म्हातारी माणसं बेजार होतात. मग घाईघाईत नवी मोटर टाकली जाते. दोष कपलरमध्ये (वायरच्या प्लगमध्ये) किंवा अर्थमध्ये (करंट बॉडीवाटे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडात) असेल, तर ती नवी मोटरही फिरत नाही.

आधी एक साधी गोष्ट बघा. बऱ्याच गाड्यांत पुढचा ब्लोअर बंद असला की मागचा चालतच नाही, आणि काहींत मागच्या ब्लोअरचं मुख्य बटण डॅशबोर्डवर असतं. दोन्ही चालू करा, मग मागचा स्विच एकेका स्पीडवर फिरवून बघा.

फक्त सगळ्यात जोराचा स्पीड चालतो आणि खालचे चालत नाहीत, तर रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग, गेला. खालच्या स्पीडला करंट त्याच्यातून जातो, वरच्याला त्याला वळसा घालून. हा भाग ब्लोअरच्या हवेतच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवावं लागतं. जाळी धुळीने बुजली किंवा मोटर जड फिरायला लागली की तो तापतो आणि त्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर तुटणारा) उडतो. तिथे तार टाकून जोडू नका, आग लागू शकते. नवा रेझिस्टर पुन्हा जळला तर मोटर जास्त करंट ओढते आहे असं समजा. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हा नियम लागू नाही. सगळे खालचे स्पीड चालतात आणि वरचाच नाही, तर स्विच, त्या स्पीडचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) किंवा त्याची वायर तपासा.

काहीच चालत नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. नुसता डोळ्यांनी बघू नका. स्विच चालू ठेवा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि त्याची सुई फ्यूजच्या एकेका टोकाला टेकवा, दोन्हीकडे पेटला पाहिजे. मग रिले. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. रिले काढून तिथे मल्टिमीटरने मोजलं तर साधारण ६० ते १०० ओहम मिळतात. ३० वर सप्लाय येतो, ८७ वरून तो पुढे जातो. रिले ‘टक्’ वाजला म्हणजे कॉइल ठीक, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. तसाच नंबर असलेला दुसरा चांगला रिले लावून बघणं सगळ्यात सोपं.

आता मोटरपाशी या. बऱ्याच गाड्यांत हा ब्लोअर छतात असतो आणि त्याच कडेने पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग जाते. पॅनल काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर लावू नका. पॅनल निघाल्यावर पुढच्या तपासणीसाठी बॅटरी परत जोडा.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. कपलर सुटा करून मोजलं तर एका तारेवर तग धरलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून स्विच जोरात ठेवून मोटरच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. तो सुमारे साडेचार अँपिअर घेतो. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे. दुसरी गंमत: काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे ब्लोअर बंद असतानाही मोटरच्या दोन्ही टोकांवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट दिसतात. तो दोष नाही. मोजायचं ते मोटरच्या दोन टोकांमध्ये, कपलर जोडलेला आणि स्विच जोरात ठेवून.

तेव्हा मोटरवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज मिळतं आणि ती फिरत नाही, तर मोटर खराब. टिचकी मारल्यावर फिरली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. व्होल्टेज एक-दोनने कमी असेल तर कुठे पडतं ते शोधा: मोटरच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थमध्ये. मीटरची वायर पुरत नाही, म्हणून पाच मीटरची साधी वायर जोडा. मीटरमधून करंट जात नसल्याने पातळ चालते. पावसाळ्यानंतर अर्थच्या बोल्टवर गंज आणि कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. मागच्या पिलरच्या आतली वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, तेही बघा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर फ्यूजच्या जागी तोच बल्ब लावा आणि मोटरचा कपलर सोडा. बल्ब विझला तर मोटर, पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. पॅनलचे क्लिप आणि सीटचे बोल्ट जिथून जातात तिथे आधी बघा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज कधीही टाकू नका. तो वायरला वाचवण्यासाठी असतो, मोठा टाकला की आधी वायर जळते.

काम झाल्यावर मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून ब्लोअर पंधरा मिनिटं जोराच्या स्पीडवर फिरू द्या, मग कपलरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर आतली पिन अजून सैल आहे, ती बदलल्यावरच पॅनल बसवा.