‘क्राय’ कसा उलगडावा: एका कटिंग मास्तरची रीत

शब्दाचं मूळ शोधायचं असेल तर देशाच्या नावापासून सुरुवात करू नका. मी केली आणि फसलो. बातम्यांत युक्रेन ऐकून, त्या नावात दडलेल्या ‘क्राय’ या स्लाव्ह शब्दाबद्दल भाच्याला छाती ठोकून सांगितलं, “क्राय म्हणजे सीमा, बस्स.” त्यानं पोलिश शब्दकोश दाखवला. तिथं क्राय म्हणजे चक्क ‘देश’! सोलापुरात युनिफॉर्म कापण्यात जन्म गेला, आणि माप इथं चुकलं.

म्हणून आधी क्रियापद गाठा. स्लाव्ह भाषांतल्या (रशियन, पोलिश, चेक वगैरे) या शब्दामागं कापणं आहे. रशियनमध्ये ‘क्रोईत’ म्हणजे कापड बेतून कापणं. आमच्यासारख्या कटिंग मास्तरला तिथं ‘झाक्रोयशिक’ म्हणतात. चेकमध्ये पावाचा काप ‘क्रायीत्स’, शिंपी ‘क्रेयची’. हे वाचून मला भलताच आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आता टेबलावर या. कापडाचे थर लावले, फर्मा ठेवला, मशीन फिरवली की दोन गोष्टी एकदम तयार होतात: कड, आणि कडेच्या आतला तुकडा. अर्थ लावताना प्रत्येक भाषेनं यातलं काय उचललं ते बघा. बल्गेरियन आणि सर्बियननं कडेचा ‘शेवट’ केला. पोलिशनं तुकडा घेतला, तो देश झाला. चेकमध्ये तो प्रशासकीय प्रदेश, स्लोव्हेनियनमध्ये गाव-ठिकाण. रशियननं दोन्ही ठेवले: कडही क्राय, आणि पेर्म, कामचात्का असे ९ प्रांतही क्राय.

मग जुना लिखित दाखला शोधा. ‘उक्राईना’, म्हणजे युक्रेन, हा शब्द इपातियेव बखर या जुन्या स्लाव्ह इतिहासग्रंथात ११८७ च्या नोंदीत येतो: आजच्या युक्रेनमधल्या पेरेयास्लावचा राजपुत्र वारला आणि उक्राईनेनं शोक केला. त्या शब्दाचा अर्थ सरहद्द की आपला मुलूख, यावर अजून भांडण आहे. दोन्ही एकाच कापातून निघतात, तेव्हा एकावरच शिक्का मारणाऱ्याकडं जरा संशयानं बघावं. मीही तोच होतो.

सारखं दिसलं की जोडू नका. काही स्लाव्ह भाषांत ‘क्राल’ म्हणजे राजा. तो युरोपातल्या शार्लमेन बादशहाच्या कार्ल या नावावरून आलाय, आपल्या कात्रीशी त्याचा संबंध नाही.

शेवटी घरच्या भाषेवर घासून बघा. संस्कृतात ‘प्रांत’ म्हणजे टोक, कड. मराठीत तोच मुलूख झाला, आणि आपण दाखल्यासाठी प्रांत ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो, कडेचा विचारही मनात येत नाही. गल्लीतल्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) आजींना विचारलं, तेलुगूत साडीच्या काठाला काय म्हणता? “अंचु.” आणि टेबलाच्या कडेला? “तेपण अंचुच.” कन्नडमध्येही अंचुच. मग त्यांना क्रायची सगळी हकिकत सांगितली. विडी वळता वळता त्यांनी विचारलं, “त्या क्रायला जरीची नक्षी असतीय का?”